शेंदराचे दगड आणि निरंकची वही

ज्या सकाळी मी पाण्यावरच्या अपघातांची चौकशी करायला निघालो, त्याच सकाळी नगरमधल्या आमच्या गल्लीत चौथ्या दिवसाचं पाणी आलं होतं. मंदा, म्हणजे माझी बायको, पिंप भरता भरता म्हणाली, "इथं तांब्या बुडायला पाणी नाही आणि तुम्ही निघालात बुडणाऱ्यांच्या नोंदी करायला!" तिचं खोटं नव्हतं. मी पिशवी खांद्याला लावली, जाता जाता जिन्याचा कठडा हलवून पाहिला आणि एसटी स्टँडची वाट धरली.

कठडा हलवून पाहणं ही माझी जुनी खोड. मी तीस वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. देवळात गेलं तरी ह्यांना देवाच्या आधी घंटेचा सैल हुक दिसतो, असं मंदा पाहुण्यांना हसत सांगते. निवृत्तीनंतर या खोडीचं काय करायचं हा घरात प्रश्नच होता. तो एका हौशी वल्हेकऱ्यांच्या संघटनेने सोडवला. ही मंडळी कयाक चालवतात. कयाक म्हणजे एकट्यादुकट्याने बसायची अरुंद होडी, दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने मारायची. कुठे कोण उलटलं, कुणाला लागलं, कोण थोडक्यात वाचलं, याच्या नोंदी ठिकठिकाणी ठेवल्या जातात का ते बघायचं आणि नसतील तर शिकवायचं, हे काम त्यांनी माझ्याकडे दिलं. मला पोहता येतं, पण जेमतेम. या कामात मी का शिरलो त्याचा संबंध आमच्या मुलीशी, जुईशी आहे. ते ओघात येईलच.

या वेळी जायचं होतं अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी वसलेल्या एका वाडीत. वाडीचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांनी मला ज्या गोष्टी सांगितल्या त्या विश्वासाने सांगितल्या, आणि गावाचं नाव छापून यावं म्हणून सांगितल्या नाहीत. वाडीतल्या चारपाच जणांनी मिळून कयाकचं केंद्र काढलंय. रविवारी तिथे कॉलेजच्या मुलींचा मोठा गट येणार होता आणि कॉलेजला शनिवारपर्यंत माझं पत्र हवं होतं: इथे काळजी घेतली जाते, मुली पाठवायला हरकत नाही.

गुरुवार, शेंडीच्या पुढे

आमच्याच जिल्ह्यात आम्हाला परकं वाटावं असा हा भाग आहे. संगमनेरपर्यंत ऊस, डाळिंबं, पत्र्याची गोदामं, सगळं ओळखीचं. अकोले सोडून राजूरच्या अंगाला लागलं की डोंगर रस्त्याला खेटून उभे राहतात. कार्तिक सुरू होता. खाचरांतली भातं पिवळी पडली होती, कुठे कापणी, कुठे झोडणी चाललेली. आमच्याकडे एवढ्यात विहिरींच्या तळाची चर्चा सुरू होते, आणि इथे रस्त्याच्या कडेला अजून ओघळ वाहत होते. मी ते पाहून मनातल्या मनात हिशेब करत राहिलो की एवढ्या पाण्यावर आमची गल्ली किती दिवस चालेल.

शेंडी गावाहून वाडीपर्यंत जीप. तिचं मागचं दार सुतळीने बांधलेलं होतं. मी अर्थातच ड्रायव्हरला विचारलं. तो मागे न बघता म्हणाला, "साहेब, ते बांधलंय म्हून हाय. कडी हुती तवा दोनदा उघडलं." उरलेला रस्ता मी सुतळीची गाठ धरून बसलो.

केंद्राचा प्रमुख रामनाथ पाण्याकाठीच भेटला. पस्तिशीचा, काटक, बोलताना सारखा टोपी काढून घालणारा. मागे रांगेत पिवळ्या आणि नारिंगी कयाक पालथ्या घातल्या होत्या, त्यांच्यापलीकडे निळंशार पाणी आणि पाण्यापलीकडे रतनगड. मी दोन मिनिटं कामच विसरलो. मग लाइफ जॅकेटं पाहिली, शिट्ट्या पाहिल्या, दोर पाहिला. सगळं नीटनेटकं. खूश होऊन मी म्हटलं, "वही आणा."

वही आली. वर्तमानपत्राचं कव्हर, पहिल्या पानावर हळदकुंकू, पट्टीने मारलेल्या रेघा. तारीख, वार, घटना, कुणाला लागलं, काय उपाय केला. आणि घटनेच्या रकान्यात, वरपासून खालपर्यंत, सुबक अक्षरात एकच शब्द: निरंक. सरकारी तक्त्यात काही सांगण्यासारखं नसलं की लिहितात तो. पान उलटलं, निरंक. आणखी एक उलटलं, निरंक. असं करत मी आजच्या तारखेला आलो आणि माझा हात थांबला, कारण वही पुढेही भरलेली होती. उद्या निरंक, परवा निरंक, पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत निरंक.

"रामनाथ, हे पुढचं कसं काय लिहिलंत?"

त्याने टोपी काढली. "ग्रामपंचायतीत असंच करत्यात ना, साहेब. एकदम बसून लिवलं की काम मोकळं. आन् दुसरं म्हंजे..." तो जरा घुटमळला. "आधीच निरंक लिवलं की काय व्हत न्हाई."

मी कारखान्यात नाना प्रकारच्या लबाड्या पाहिल्या आहेत. ही लबाडी नव्हती. देवापुढे उदबत्ती लावावी तसा त्याने तो शब्द रोजच्या तारखेपुढे लावून ठेवला होता. रागवायचं म्हणून मी तोंड उघडलं आणि नुसतंच "बरं" म्हणालो.

जेवायला रामनाथच्या वहिनींकडे होतं. त्यांचं नाव यमुना. केंद्रातल्या एकट्या बाई-गाइड, आणि रामनाथच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्यांत सरस. लहानपणी वडलांबरोबर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, जेवायच्या ताटल्यांनी पाणी मारत, त्या मासे धरायला जायच्या. कयाक आल्या तेव्हा गडी माणसं उलटत होती आणि या पहिल्याच दिवशी पलीकडे जाऊन आल्या. त्यांचे यजमान दुधाचा टेम्पो चालवतात, दिवसभर बाहेर असतात.

नागलीची भाकरी, खुरासणीची काळी चटणी, बारक्या माशांचं कालवण आणि भात. हा भात वाफेवर असतानाच असा घमघमत होता, की मी पुण्याच्या दुकानातला महागडा बासमती मनातून उतरवून टाकला. चटणी मी तीनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा वाढताना माझ्या लक्षात आलं की यमुनाबाई डाव्या हाताने वाढतायत. आमच्या घरी डाव्या हाताने वाढलं की आई हातावर चापट मारायची. इकडे रीत वेगळी असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि जेवलो.

शुक्रवार, काठाकाठाने

सकाळी मी सगळ्या गाइडना काठावर बसवून होडीत चढताना पडू नये म्हणून काय करावं यावर दहा मिनिटं बोललो. वजन मधोमध ठेवा, घाई करू नका, वल्हं आडवं टेकवा. मग करून दाखवायला एक पाय कयाकमध्ये घातला आणि दुसरा उचलताच सगळा मी पाण्यात. पाणी कमरेएवढंच होतं, पण थंडी डोक्यापर्यंत गेली. चष्मा तरंगत नाही हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. तो एका गाइडने बुडी मारून काढून दिला.

यमुनाबाई सगळ्यांत जवळ होत्या. त्यांनी मला वर घ्यायला उजवा हात पुढे केला, मध्येच थांबल्या आणि डावा दिला. हे मी पाहिलं, पण तेव्हा मी स्वतःच्याच फजितीत होतो.

हसू ओसरल्यावर रामनाथने वही आणली आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "साहेब, ह्ये लिवायचं का? का निरंकच ऱ्हाऊ द्यायचं?"

"एवढंतेवढं काय लिहायचं," मी म्हणालो. "किरकोळ आहे."

म्हणालो आणि लगेच ओशाळलो. तीस वर्षं मी कामगारांना सांगत आलो होतो, किरकोळ काय ते तुम्ही ठरवायचं नाही. पण सगळे बघत होते, कपडे निथळत होते, आणि पेन्सिल काही हातात घ्यावीशी वाटेना. रामनाथने वही मिटली.

कपडे वाळेपर्यंत यमुनाबाई मला काठाकाठाने फिरवायला निघाल्या. वाटेत कुठल्या खोंडीत, म्हणजे पाणी आत शिरलेल्या कोपऱ्यात, वारा कसा वळतो, दुपारी रतनगडाकडून तो उतरला की पाण्याचा रंग आधी कसा बदलतो, हे त्या असं सांगत होत्या की मी खिशातून ओला कागद काढून टिपून घेतलं. एका वळणावर उंबराखाली आसरा होत्या. नदीतळ्याकाठी साती आसरा, म्हणजे पाण्याच्या देवी, आमच्याकडेही असतात, शेंदूर लावलेले सात दगड. इथे मात्र त्या सातांसमोर आणखी पुष्कळ दगड मांडलेले होते, लहानमोठे, ओळीने. काहींचा शेंदूर उडालेला, काहींवर शेवाळ.

"हे कोणते देव?" मी विचारलं.

"द्येव न्हाईत, काका." तोवर त्यांनी मला साहेबाचा काका केला होता. "पान्यानं ज्याला परत दिला, त्यो हितं एक दगड ठिवतो. ज्याला घडलं त्यानंच ठिवायचा. कुनाला सांगायचं न्हाई, आन् कुनी इचारायचं बी न्हाई. त्याला वाटंल तवा त्यो सांगंल."

मग त्यांनी ज्यांची गोष्ट ठाऊक होती ते दगड एकेक करून दाखवले. हा त्यांच्या वडलांचा: तराफ्याला भोक पडलं, जाळं सोडून दिलं म्हणून वाचले. हा चपटा रामनाथचा: उन्हात दिवसभर वल्हं मारून चक्कर आली, होडीतच आडवा झाला आणि वाऱ्याने आपोआप काठाला लागला. हे दोन, वारा फिरल्यावर उगाच घाई करून मधूनच परतताना उलटलेल्या एका जोडप्याचे. कुठे घडलं, कोणत्या महिन्यात, वारा कुठला, चूक काय झाली, सगळं त्यांना पाठ. मी थक्क झालो. माझ्या संघटनेने छापलेल्या तक्त्यात एवढे रकाने नाहीत. काल मी जी वही पाहून मान हलवली होती, तिच्यापेक्षा सरस वही या उंबराखाली उघडी पडली होती, आणि तिच्यात एकही निरंक नव्हता.

"तुमी बी ठिवा की," त्या म्हणाल्या. "कमरंएवढं असलं तरी पानीच."

मी एक गुळगुळीत गोटा शोधला. शेंदराची वाटी ढोलीत होती. बोटाने टिळा लावून तो ओळीच्या शेवटी ठेवला आणि खरं सांगतो, सकाळपासून जे मनात टोचत होतं ते जरा कमी झालं. तेव्हा मला दिसलं की माझ्या गोट्याच्या शेजारचा दगडही नवाच आहे. त्याचा शेंदूर अजून तेलकट होता.

"हा कुणाचा?" तोंडातून निघून गेलं.

यमुनाबाई पाण्याकडे बघत राहिल्या. "इचारायचं नसतं, काका," त्या हळूच म्हणाल्या, आणि परतीच्या वाटेने पुढे चालू लागल्या.

शनिवार, पडवीत

सकाळी यमुनाबाईंच्या पडवीत पत्र लिहायला बसलो. समोर अंगणात यमुनाबाई रविवारसाठी लाइफ जॅकेटं वाळत घालत होत्या. दोरी डोक्याच्या वर होती. त्या जॅकेट खालून डाव्या हाताने भिरकावायच्या, ते दोरीवर पडलं तर पडलं, नाहीतर उचलून पुन्हा. उजवा हात पोटाशी. मी एक जॅकेट, दोन जॅकेटं, पाच जॅकेटं पाहिली. डाव्या हाताने वाढलेली चटणी आठवली. पाण्यातून मला काढताना मागे घेतलेला हात आठवला. तेलकट शेंदूर आठवला. माझं पेन थांबलं.

उद्या त्या मुलींच्या गटाच्या अगदी मध्ये यमुनाबाई असणार होत्या. भर पाण्यात वारा उतरला, एखादी पोर उलटली आणि तिला वर ओढताना हा हात निकामी झाला, तर एकीच्या जागी दोघी पाण्यात. आणि खाली सही माझी. कारखान्यात असतो तर मी सरळ समोर उभा राहून विचारलं असतं, हात वर करून दाखवा. पण इथे विचारायचं नसतं. आणि मला हेही कळत होतं, की मी विचारलं तर मला उत्तर मिळेल ते वहीतलंच.

म्हणून मी विचारलं नाही. त्यांना पडवीत बोलावलं, चहा मागितला, आणि जे मी मंदाशिवाय कुणाशी बोललो नव्हतो ते सांगायला लागलो.

"आमची जुई पुण्यात शिकत होती तेव्हा कयाक चालवायची. फार छान चालवायची म्हणे. मी कधी बघायला गेलो नाही, भीती वाटायची. एकदा सरावात तिचा खांदा निसटला. तिने ते सात महिने माझ्यापासून लपवलं. सेफ्टी ऑफिसरच्या घरात! दिवाळीत फडताळावरचा डबा काढताना तिच्या हातातून डबा सुटला, चकल्या घरभर झाल्या, तेव्हा कळलं. मी काय केलं असेल? दुखतंय का, हे विचारलंच नाही. ओरडलो. कयाक बंद, क्लब बंद. तिचं वल्हं मी स्वतः माळ्यावर टाकलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, 'सांगितलं असतं तर तुम्ही हेच केलं असतं, बाबा. म्हणूनच नाही सांगितलं.' नंतर तिने वल्ह्याला हात लावला नाही. मी गावोगाव लोकांच्या दुखापती विचारत फिरतो, पण तिच्या खांद्याचं मी आजतागायत विचारलेलं नाही. लाज वाटते."

यमुनाबाई कपाकडे बघत होत्या. अंगणात रामनाथ कयाक पुसत होता, त्याचंही फडकं थांबलं होतं. त्याला सगळं ऐकू जात होतं.

"त्यो ताजा दगड माजा हाय, काका," त्या म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला.

"पंदरा दिस झालं. एक पावना मदोमद उलटला. जाडजूड मानूस, घाबरलेला. त्यानं माजा ह्यो हात धरला आन् सगळं वजन टाकलं. खांदा निसटला. मला आवाज आला. मग आपसूक बसला बी. पावन्याला काठावर आनला. त्येला वाटलं मी दमले. आता हात कानाच्या वर जात न्हाई. बोटाला मुंग्या येत्यात."

"आणि उद्या तुम्ही जाणार होतात?"

"व्हय." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "जायाला नगं का? मी होडीत बसले तवा सगळी वाडी हसली हुती, काका. बाईमानूस काय वल्हं मारतंय म्हून. एकदा काठावर बसवलं की बाईला परत होडीत कोन बसू देतंय?"

अगदी जुईचंच बोलणं, फक्त वेगळ्या बोलीत. मी चहा पिण्याचं निमित्त केलं, पण कप रिकामा होता.

रामनाथ फडकं हातात घेऊनच पायरीशी आला. त्याने टोपी काढली आणि या वेळी घातली नाही. "वहिनी, मला तरी सांगायचं हुतं. मी काय इतका वाईट हाय का?"

"वाईट न्हाई, भावजी. तुमी घाबरट हाय."

रामनाथने जरा विचार केला. "व्हय," तो म्हणाला, "ते हाय." आणि खाली बसला.

आम्ही तिघंही हसलो. यमुनाबाईंना हसता हसता रडू आलं, ते त्यांनी डाव्या हाताने पुसलं.

मी वही मागवली. कारखान्यातल्या आमच्या अपघाताच्या अर्जात एक शेवटचा रकाना असे: कामावर रुजू होण्याची तारीख. तीस वर्षं मी तो केवळ भरायचा म्हणून भरला. त्या दिवशी मला कळलं की अख्ख्या अर्जात माणसाला बळ देणारा रकाना तेवढा एकच आहे. मी पट्टीने वहीत नवी रेघ मारली आणि वर लिहिलं: पाण्यावर परत कधी. मग रामनाथला सांगितलं, "ही तारीख डॉक्टर सांगतील ती. आणि तिच्यापुढे आजच सही तुमची. म्हणजे काठावर बसवणं वेगळं आणि काढून टाकणं वेगळं, हे कागदावर राहील."

त्याच सुतळीच्या जीपने आम्ही राजूरला गेलो. डॉक्टरांनी हात गळपट्टीत बांधला, हाडाचा फोटो काढायला संगमनेरला पाठवतो म्हणाले, आणि सहा आठवडे वल्ह्याला शिवायचं नाही असं बजावलं. परतताना सुतळीची गाठ मी धरली होती, कारण यमुनाबाईंना एकच हात मोकळा होता.

संध्याकाळच्या आत मी फोनवरून कॉलेजला पत्र धाडलं. त्यात लिहिलं की इथल्या एका गाइडला दुखापत झालेली आहे आणि त्यांनी ती स्वतःहून सांगितली आहे, म्हणून मला हे ठिकाण आधीपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. मुली पाठवा, पण पाण्यात एका वेळी निम्म्याच उतरतील.

रविवार

मुली आल्या, किलबिलाट झाला, निम्म्या पाण्यात आणि निम्म्या काठावर. यमुनाबाई उंच खडकावर गळपट्टीत हात बांधून, गळ्यात शिट्टी आणि डाव्या हातात लाल फडकं घेऊन बसल्या. सकाळपासून त्यांचा चेहरा उतरलेला होता. वाडीतल्या दोन बाया येऊन बघून गेल्या, त्यांतली एक काहीतरी पुटपुटलीही. यमुनाबाईंनी मान वळवली नाही.

उन्हं डोक्यावर यायच्या सुमाराला त्या एकदम उभ्या राहिल्या. मला पाणी तसंच दिसत होतं. त्यांनी तीनदा शिट्टी मारली आणि फडकं फिरवलं. मुली कुरकुरत वळल्या, रामनाथ मागून हाकत आणत होता. शेवटची कयाक वाळूला लागली तेव्हा रतनगडाकडून वारा उतरला आणि मघाशी मुली होत्या तिथे पांढऱ्या लाटा उठल्या. कुणाला काही झालं नाही. म्हणजे लिहिण्यासारखं काहीच घडलं नाही, आणि तरी रामनाथ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, आजचं निरंक खरं हाय."

निघण्याआधी मी वही पाहिली. पुढच्या महिन्यापर्यंतचे सगळे निरंक रामनाथने एकेक रेघ मारून खोडले होते. पंधरा दिवसांपूर्वीच्या तारखेपुढचा निरंकही खोडलेला होता आणि शेजारच्या समासापर्यंत, डाव्या हाताने काढलेल्या वेड्यावाकड्या अक्षरांत, यमुनाबाईंनी लिहिलं होतं:

"दुपारी पश्चिमेचा वारा. पाहुणा उलटला. त्याला घेताना माझा उजवा खांदा निसटला. पाहुण्याला लागलं नाही. मी पंधरा दिवस बोलले नाही."

'काय उपाय केला' या रकान्यात एकच शब्द होता: सांगितलं.

शेवटच्या नव्या रकान्यात तारीख, तिच्यापुढे रामनाथची लांबलचक सही. आणि खाली शुक्रवारच्या तारखेला, त्याच अक्षरात, "पाहुणे काका काठावर शिकवताना पडले. चष्मा सापडला." मी त्याखाली माझी सही केली.

वाडीत फोनला रेंज लागते ती फक्त आसरांच्या उंबराशेजारी. जीपला अवकाश होता. मी तिथे जाऊन उभा राहिलो. ओळीतले शेवटचे दोन दगड उन्हात तळपत होते. जुईला फोन लावला. ती घाबरूनच बोलली, कारण मी तिला रविवारी दुपारी कधी फोन करत नाही.

"बाबा? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे गं. मी भंडारदऱ्याला आलोय. तुला एक विचारायचं होतं. इतकी वर्षं राहिलंच." मी उंबराच्या खोडाला हात टेकला. "तुझा खांदा कसा आहे?"

मला वाटलं रेंज गेली. मग तिने विचारलं, अगदी सावकाश:

"कुठला, बाबा?"

मी खाली बसलो, उंबराच्या मुळावर, त्या दगडांशेजारी. एकाच खांद्याचं मला माहीत होतं.

"दोन्ही सांग," मी म्हणालो. "मी ओरडणार नाही."

आणि जुई सांगायला लागली.